मराठीवरचा पेपर एसीएलला पाठवताना : दाव्यापासून कॅमेरा-रेडीपर्यंत

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट संपत आलेला असतो. मराठी ट्वीट्स, बातम्या किंवा कॉमेंट्सवर चालणारं एखादं मॉडेल हाताशी असतं, आकडेही बरे आलेले असतात आणि गाइड म्हणतात, 'याचा पेपर करून टाका.' बहुतेक कॉलेजांत याचा अर्थ होतो फी भरली की छापणारी एखादी परिषद शोधणं. पण काम खरं असेल तर ते असोसिएशन फॉर कम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स, म्हणजे एसीएलच्या परिषदांकडे पाठवून बघायला हवं. एसीएल, ईएमएनएलपी, ईएसीएल, नॅकल आणि आशियासाठीची एएसीएल ही त्यातली मुख्य नावं. त्यांचे पेपर एसीएल अँथॉलॉजी या ऑनलाइन संग्रहावर कायम आणि फुकट वाचायला मिळतात. आपलं काम तिथे असलं, की पाच वर्षांनी मराठीवर काम करणाऱ्याला ते सापडतं.

इथे पेपर साधारण तीन रिव्ह्यूअर, म्हणजे परीक्षक, वाचतात. त्यांना मशीन लर्निंग चांगलं येतं, मराठी बहुधा अजिबात येत नाही, आणि त्यांच्यापुढे आणखी चार-पाच पेपर पडलेले असतात. हा वाचक समोर बसलाय असं समजून प्रत्येक निर्णय घ्या, मग तो डेटाचा असो, तक्त्यांचा असो की एखाद्या उदाहरणाचा.

आधी ठिकाण ठरवा

या परिषदांचं रिव्ह्यूइंग आता मुख्यतः एसीएल रोलिंग रिव्ह्यूमधून, म्हणजे एआरआरमधून होतं. ही पद्धत २०२१ मध्ये सुरू झाली. वर्षभरात ठरावीक अंतराने फेऱ्या असतात. तुम्ही पेपर एका फेरीत टाकता, त्यावर रिव्ह्यू आणि ते सगळे वाचून एरिया चेअरने, म्हणजे त्या विषयाच्या प्रमुखाने, लिहिलेला मेटा-रिव्ह्यू येतो, आणि ते बघून हा पेपर कोणत्या परिषदेकडे न्यायचा ते ठरवता. या दुसऱ्या पायरीला 'कमिट करणं' म्हणतात. रिव्ह्यूंतले गुण फारच कमी आले तर कमिट न करता पेपर सुधारायचा आणि पुढच्या फेरीत परत टाकायचा. त्या वेळी जुन्या सबमिशनची लिंक आणि काय बदललं याचा खुलासा द्यावा लागतो.

लाँग पेपर ८ पानांचा, शॉर्ट ४ पानांचा. संदर्भसूची आणि मर्यादांचा विभाग यात मोजत नाहीत. शॉर्ट म्हणजे कापलेला लाँग नव्हे. एकच मुद्दा असेल, नीट सिद्ध झालेला असेल, तर शॉर्ट लिहा. आठ पानं भरायची म्हणून ट्रान्सफॉर्मर (आजच्या भाषा-मॉडेलांची सर्वपरिचित रचना) म्हणजे काय हे समजावत बसलात तर रिव्ह्यूअर दुसऱ्या पानावरच कंटाळेल.

पहिलाच पेपर असेल तर एसीएलची स्टुडंट रिसर्च वर्कशॉप बघा. तिथे सबमिशनच्या आधी अनुभवी संशोधक मसुदा वाचून सूचना देतात, आणि ही सोय असताना विद्यार्थी ती का वापरत नाहीत हे मला कळत नाही. भारतीय भाषांच्या कामासाठी आयकॉन ही आपल्याकडची परिषद आहे. २०२३ ची आयकॉन गोवा विद्यापीठात झाली. मोठी परिषद घराजवळ येण्याचे प्रसंगही घडतात. कोलिंग ही याच विषयातली मोठी परिषद २०१२ मध्ये आयआयटी मुंबईत झाली होती, आणि आयजेसीएनएलपी-एएसीएल डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत. अशा वर्षी व्हिसा आणि विमानभाड्याचा प्रश्नच मिटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्कोपस इंडेक्स्ड, आठवड्यात स्वीकृती' असे मेसेज फिरतात, त्यांना ओळखणं अवघड नाही. मागच्या तीन वर्षांचे पेपर उघडून वाचा. कार्यक्रम समितीतली नावं या विषयात खरंच काम करतात का ते तपासा. विषयांच्या यादीत एनएलपीबरोबर (संगणकाकडून माणसांची भाषा हाताळण्याच्या या विषयाबरोबर) सिव्हिल इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापनशास्त्रही असेल, तर ती खिडकी बंद करा.

एका वाक्यात दावा

लिहायला बसण्यापूर्वी दावा एका वाक्यात कागदावर उतरवा. 'आम्ही मराठीसाठी सेंटिमेंट मॉडेल (मजकुराचा सूर सकारात्मक की नकारात्मक हे ओळखणारं) बनवलं' हा दावा नाही, ती कामाची नोंद आहे. 'बातम्यांवर शिकवलेलं मॉडेल वऱ्हाडी कॉमेंट्सवर घसरतं, आणि थोडा वऱ्हाडी डेटा घातला की बरचसं सावरतं' हा दावा झाला. तो खोटा ठरू शकतो, म्हणून तपासता येतो. पेपरमधला प्रत्येक तक्ता या वाक्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीतरी सांगायला हवा. न सांगणारा तक्ता परिशिष्टात जाईल.

'मराठीत पहिल्यांदाच' हे शब्द वापरायचा मोह आवरा. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये मराठी ट्वीट्सचा सुमारे १६ हजार नोंदींचा सेंटिमेंट डेटासेट दिला, मराठीसाठी महाबर्टसारखी मॉडेलंही दिली. आयआयटी मुंबईचं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी मद्रासचं एआयफोरभारत यांचं काम तर आहेच. अँथॉलॉजीवर 'मराठी'बरोबरच 'इंडिक', 'लो-रिसोर्स' आणि 'मल्टिलिंग्वल' असे शोध घ्या, कारण पंधरा-वीस भाषांच्या पेपरच्या पोटात मराठी दडलेली असते. आधीचं काम सापडलं तर घाबरू नका. त्याच्याशी तुलना करता आली की तुमचाच पेपर जड होतो.

डेटा : इथेच पेपर तरतो किंवा बुडतो

मराठी न येणारा रिव्ह्यूअर तुमचा डेटा वाचू शकत नाही, त्यामुळे तो डेटा कसा तयार केला यावरच त्याला विश्वास ठेवावा लागतो. म्हणून हा भाग सर्वांत बारकाईने लिहा.

पहिलं काम युनिकोडचं. मराठी मजकुरात दिसायला एकच असलेली अक्षरं संगणकात वेगवेगळ्या रूपांत साठवलेली असतात. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून येतं, तसंच 'अ' वर चंद्र ठेवूनही येतं. 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र नुक्तावाल्या 'ऱ' पासून बनवलेला असतो किंवा साध्या र ला हलंत आणि झिरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह जोडून. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे अशी रूपं एक करण्याची युनिकोडची नेहमीची पद्धत, वापरली तरी या जोड्या एक होत नाहीत, त्यांच्यासाठी नियम आपणच लिहावे लागतात. ते न केल्यास एकच वाक्य ट्रेनिंगमध्येही (मॉडेल शिकवायच्या डेटात) राहतं आणि टेस्टमध्येही (ते तपासायच्या डेटात), डुप्लिकेट शोधणारा प्रोग्राम ते पकडत नाही, आणि आकडे फुगतात. कोणते नियम लावले आणि त्यामुळे किती नोंदी एक झाल्या, हे दोन वाक्यांत लिहा. भारतीय भाषांवर काम केलेला रिव्ह्यूअर असेल तर त्या दोन वाक्यांवर खूश होईल.

दुसरं, डेटाची फाळणी. नोंदी नुसत्या ढवळून ८०-१०-१० अशा वाटल्या तर एकाच बातमीची दोन वाक्यं किंवा एकाच माणसाच्या दहा कॉमेंट्स दोन्ही बाजूंना जातात. फाळणी स्रोतानुसार, लेखकानुसार किंवा तारखेनुसार करा. आकडा खाली येईल, पण तो टिकणारा असेल.

तिसरं, लेबलिंग. दोन-तीन मित्रांनी हॉस्टेलवर बसून लेबलं लावली, यात गैर काही नाही. पण त्यांना कोणत्या सूचना दिल्या, ते कुठल्या भागातले, प्रत्येक नोंद किती जणांनी पाहिली, मतभेद कसे मिटवले, मोबदला दिला का, हे सगळं लिहावं लागतं. एआरआरच्या रिस्पॉन्सिबल एनएलपी चेकलिस्टमध्ये त्यावर सरळ प्रश्न आहेत. लेबलं लावणाऱ्यांचं किती जुळलं हेही आकड्यात सांगा: दोघांनी लावली असतील तर कोहेनचा कप्पा द्या, जास्त जण असतील तर फ्लाइसचा कप्पा किंवा क्रिपेनडॉर्फचा अल्फा. हा आकडा कमी आला तर लपवू नका. उपहास हा आपल्याकडे नेहमीचा प्रकार आहे. 'वा, काय रस्ते केलेत!' हे सकारात्मक की नकारात्मक, यावर नगरच्या आणि नागपूरच्या मुलात मतभेद होणारच. अशा दहा नोंदी परिशिष्टात दाखवल्यात तर कमी कप्प्याचं कारणही वाचकाला कळेल.

चौथं, हक्क. वर्तमानपत्रांचा मजकूर उचलून जसाच्या तसा वाटता येत नाही, आणि समाजमाध्यमांच्या अटीही पाळाव्या लागतात. काय वाटणार, कोणत्या परवान्याखाली, आणि माणसांची नावं-फोन नंबर कसे काढून टाकले, हे गोळा करायच्या आधी ठरवा. शेवटच्या रात्री हे ठरवू गेलात तर 'डेटा विनंतीवरून मिळेल' असं वाक्य लिहावं लागतं, आणि ते वाचून रिव्ह्यूअरच्या कपाळावर आठी पडते.

प्रयोग

बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते मॉडेल, कमजोर निवडली की रिव्ह्यूमध्ये पहिला वार तिथेच होतो. मराठी वर्गीकरणाच्या कामात बहुभाषिक बर्ट, एक्सएलएम-आर, १७ भाषांचं म्युरिल आणि महाबर्ट यांपैकी निदान तीन हवेत. शिवाय एखादं मोठं जनरेटिव्ह मॉडेल, कारण आता 'नुसतं विचारून बघितलं का?' हा प्रश्न येतोच. त्या मॉडेलचं नेमकं नाव, आवृत्ती, वापरल्याची तारीख आणि पूर्ण प्रॉम्प्ट परिशिष्टात द्या. या सगळ्यांबरोबर एक अगदी साधी बेसलाइनही ठेवा. कॅरेक्टर एन-ग्रॅमवरचं (लागोपाठच्या काही अक्षरांच्या तुकड्यांवरचं) लॉजिस्टिक रिग्रेशन मराठीत अनेकदा मोठ्या मॉडेलांना लाजवणारं काम करतं, आणि तसं झालं तर ते वाचकाला कळायला हवं.

प्रत्येक प्रयोग वेगवेगळ्या रँडम सीडवर (यादृच्छिक सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यावर) चालवा, निदान पाच. सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही छापा. दोन मॉडेलांत अर्ध्या टक्क्याचा फरक आणि विचलन एक टक्का असेल, तर 'आमचं मॉडेल सरस' असं लिहू नका. एकाच टेस्ट-सेटवर तुलना असल्याने फरक योगायोगाचा नाही ना हे बघायला पेअर्ड बूटस्ट्रॅपसारखी चाचणी पुरते. वर्ग असमान असतील तर अ‍ॅक्युरसीऐवजी प्रत्येक वर्गाला सारखं वजन देणारा मॅक्रो-एफवन द्या. भाषांतराच्या कामात शब्द जुळवून गुण देणाऱ्या नुसत्या ब्ल्यूवर थांबू नका. आपल्या प्रत्ययबहुल भाषेत एका विभक्तीच्या चुकीने अख्खा शब्द चुकीचा धरला जातो, म्हणून अक्षरसमूहांवर मोजणारा सीएचआरएफही सोबत ठेवा.

जीपीयू नसल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. गूगलच्या फुकटच्या कोलॅबवर पाच सीड चालवायला वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ आराखड्यात धरता येतो. सबमिशनच्या आधी दहा-बारा आठवडे प्रयोग सुरू झालेले असावेत, आणि शेवटचे तीन आठवडे फक्त लिहिण्यासाठी मोकळे.

आकड्यांनंतर चुका वाचा. टेस्ट-सेटमधल्या शंभर चुकलेल्या नोंदी हाताने तपासून त्यांचे गट पाडा: उपहास, मराठी-इंग्रजी मिश्रण, बोली, शुद्धलेखन, लेबलच चुकलेलं. मराठी येणं हा तुमचा खरा वरचष्मा आहे, आणि तो इथेच दिसतो. दुसऱ्या देशातला बहुभाषिक गट पन्नास भाषांचा तक्ता देऊ शकतो, पण मॉडेल 'न' आणि 'नको' मध्ये का गोंधळलं हे त्याला सांगता येणार नाही.

मराठी उदाहरण परक्या वाचकासमोर

भाषेचं नाव गोषवाऱ्यातच घ्या. मराठी इंडो-आर्यन आहे, देवनागरीत लिहिली जाते, बोलणारे २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटींहून जास्त, एवढं एका वाक्यात पुरतं. तिथे ज्ञानेश्वरीपर्यंत जायची गरज नाही.

उदाहरणं मात्र नीट उलगडा. 'रामने पोळी खाल्ली' या वाक्यात मॉडेलने 'खाल्ला' लिहिलं, तर आपल्याला चूक लगेच टोचते. परक्याला दोन्ही शब्द सारखेच दिसतात. म्हणून मूळ ओळ, तिच्याखाली आयएसओ १५९१९ प्रमाणे रोमन रूप, त्याखाली पदांची फोड आणि शेवटी भाषांतर, अशी मांडणी करा. फोड लाइपझिग ग्लॉसिंगच्या नियमांप्रमाणे असली की कर्त्याला 'ने' लागला आहे आणि क्रियापद स्त्रीलिंगी कर्माशी जुळतं आहे, हे मराठीचं अक्षरही न येणाऱ्याला दिसतं. पेपरमध्ये अशी तीन-चार उदाहरणं पुरेत.

आता देवनागरीचा तांत्रिक छळ. पेपर लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहितात, आणि नेहमीच्या पीडीएफ-लेटेकवर देवनागरी नीट चालत नाही. ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेक-संपादकात कंपायलर बदलून लुआलेटेक किंवा झीलेटेक घ्या. एसीएलच्या अधिकृत टेम्प्लेटमध्ये लुआलेटेकसाठी वेगळी फाइल दिलेली आहे. लुआलेटेक वापरताना अक्षरं जुळवणारा रेंडरर हार्फबझ ठेवा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. आलेखांत तर जास्तच सांभाळा. पायथनचं आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब नेहमीच्या पद्धतीने देवनागरी छापतं तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊ शकते. त्यात पीजीएफ बॅकएंड झीलेटेकसोबत वापरा, किंवा आलेखात नुसते अंक ठेवून शब्द खालच्या मथळ्यात लिहा. वेलांटी उलटी पडलेला पेपर मराठी वाचकाने पाहिला तर तो डेटावरही शंका घेईल, आणि ते बरोबरच आहे.

मर्यादांचा विभाग निष्कर्षानंतर आणि संदर्भांआधी येतो आणि तो सक्तीचा आहे. विसरलात तर पेपर न वाचताच परत येतो. 'भविष्यात आणखी डेटा गोळा करू' असं तिथे लिहू नका. डेटा फक्त पुण्या-मुंबईच्या माध्यमांतून आला, लेबल लावणारे सगळे विशीतले, कोकणी-मालवणी मजकूर नाही, असं ठोस लिहा.

नाव लपवणं आणि अपलोड

रिव्ह्यू दुहेरी अनामिक असतो, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळत नाहीत. लेखकांची नावं, कॉलेज, आभार, सगळं काढायचं. टेम्प्लेटमधला रिव्ह्यू पर्याय चालू ठेवला की नावं जातात आणि ओळींना क्रमांक येतात. पण खरी फट दुसरीकडे राहते. गिटहबच्या लिंकमध्ये युजरनेम असतं, ड्राइव्हच्या लिंकवर ईमेल दिसतो, 'आमच्या आधीच्या कामात' असं लिहून पुढे स्वतःचाच संदर्भ दिलेला असतो. कोड अनामिक करणारी फुकट सेवा वापरा आणि स्वतःच्या कामाचा उल्लेख तृतीयपुरुषी करा. जानेवारी २०२४ पासून एसीएलने आर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर पेपर आधी टाकण्याची बंदी उठवली आहे, त्यामुळे अशी प्रीप्रिंट असायला हरकत नाही. सबमिशनची प्रत मात्र अनामिकच हवी. तोच पेपर त्याच वेळी दुसऱ्या परिषदेत किंवा नियतकालिकात टाकणं निषिद्ध आहे, 'एक तरी लागेल' हा हिशेब इथे चालत नाही.

सबमिशन ओपनरिव्ह्यू या संकेतस्थळावर होतं आणि प्रत्येक लेखकाचं तिथे प्रोफाइल लागतं. कॉलेजचा अधिकृत ईमेल नसेल, नुसतं जीमेल असेल, तर प्रोफाइल मंजूर व्हायला दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आपल्याकडे कॉलेजचा ईमेल वापरायची सवयच नसते, म्हणून हे काम महिनाभर आधी उरका. गाइडसरांचं प्रोफाइलही त्यांच्यामागे लागून पूर्ण करून घ्या. डेडलाइननंतर लेखकांची यादी बदलत नाही. एचओडींचं नाव घालायचं की नाही हा वाद त्याआधीच मिटवलेला बरा. माझं मत विचाराल तर ज्यांनी काम केलं तेच लेखक. सबमिशननंतर लेखकांना रिव्ह्यूइंगविषयीचा फॉर्मही भरावा लागतो आणि पात्र असलेल्यांना रिव्ह्यू करावे लागतात. तो ईमेल दुर्लक्षिलात तर पेपर बाद होऊ शकतो.

डेडलाइन 'एनीव्हेअर ऑन अर्थ' या वेळेत असते, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत. १५ तारखेची डेडलाइन आपल्याकडे १६ तारखेला संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी संपते. तरीही पहिली पूर्ण प्रत दोन दिवस आधी चढवा, नंतर हवी तितक्या वेळा बदलता येते. समास किंवा अक्षरांचा आकार कमी करून जागा काढायला जाऊ नका, ते पकडलं जातं. चेकलिस्टमध्ये एआय साधनांच्या वापराबद्दल विचारतात. इंग्रजी सुधारून घेतलं असेल तर तसं सांगा. संदर्भ मात्र स्वतः एकेक उघडून तपासा. चॅटबॉटने सुचवलेला, अस्तित्वातच नसलेला पेपर संदर्भसूचीत सापडला की बाकीच्या सात पानांवरचा विश्वासही जातो.

रिव्ह्यू आल्यावर

प्रत्येक रिव्ह्यूमध्ये साउंडनेस (काम किती पक्कं), एक्साइटमेंट (किती रंजक) आणि एकूण मूल्यमापन असे १ ते ५ पर्यंतचे गुण असतात. पहिल्या वाचनात राग येतो. त्या दिवशी उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी आक्षेप तीन ढिगांत वाटा: गैरसमज, खरी त्रुटी आणि नुसती आवड-निवड.

गैरसमजाला पान आणि ओळ दाखवून दोन वाक्यांत उत्तर द्या, आणि तो गैरसमज कशामुळे झाला ते पेपरमध्ये दुरुस्त करा. खरी त्रुटी असेल आणि प्रयोग दोन दिवसांत होण्याजोगा असेल तर करून आकडे द्या. 'फक्त एकाच भाषेवर काम आहे' एवढाच आक्षेप असेल तर तो नम्रपणे परतवा. असे सोपे निकष लावू नका असं एआरआरच्याच रिव्ह्यूअर-सूचनांमध्ये बजावलेलं आहे, तिकडे बोट दाखवा. उत्तराचा सूर महत्त्वाचा, कारण मेटा-रिव्ह्यू लिहिणारा एरिया चेअर ही चर्चा वाचत असतो. 'आपल्या बहुमूल्य सूचनांबद्दल शतशः आभार' अशी चार ओळींची आरती नको, आणि 'रिव्ह्यूअरला विषय कळलेला नाही' हेही नको.

निकालात मुख्य परिषद किंवा फाइंडिंग्ज (मुख्य परिषदेत न घेतलेल्या, पण स्वीकारलेल्या पेपरांचा संग्रह) असं काही येईल. फाइंडिंग्जला दुय्यम समजून पेपर मागे घेणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. फाइंडिंग्जमधला पेपरही अँथॉलॉजीतच राहतो.

स्वीकृतीनंतर

कॅमेरा-रेडी, म्हणजे छापायच्या अंतिम प्रतीला एक पान जास्त मिळतं. ते रिव्ह्यूअरना दिलेली वचनं पाळायला वापरा. एसीएलचा पबचेक प्रोग्राम चालवून समास आणि फॉन्ट तपासा. लेखकांच्या नावांचं रोमन स्पेलिंग आत्ताच कायमचं ठरवा. एका पेपरवर वडिलांच्या नावासकट, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असं झालं, तर अँथॉलॉजीवर एकाच माणसाची दोन पानं तयार होण्याची शक्यता असते.

पैशांची तजवीज लगेच सुरू करा. नोंदणी शुल्क किमान एका लेखकाला भरावं लागतं. विद्यार्थ्यांसाठी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संस्थांचं प्रवास अनुदान आहे, परिषदाही शुल्कमाफी आणि मदत देतात, पण त्यांच्या अर्जांच्या मुदती निकालानंतर फार लवकर संपतात. व्हिसासाठी निमंत्रणपत्र त्याच आठवड्यात मागवा.

आणि अनामिक कोडची लिंक बदलून खरी घाला. त्या तात्पुरत्या लिंकची मुदत संपते, आणि अँथॉलॉजीतल्या पीडीएफमध्ये ती मेलेली लिंक तशीच राहते. डेटासेट हगिंगफेस किंवा झेनोडो या खुल्या साठ्यांवर परवान्यासह ठेवा, त्यात युनिकोडचे नियम लावणारा प्रोग्रामही टाका, आणि वर्णन इंग्रजीबरोबर मराठीतही लिहा.